वंशावळीतून सापडलेला कॅन्सर

मधुमेह आणि वजन यांवरच्या ओझेम्पिक किंवा वेगोव्ही या औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला एक लांबलचक कागद असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खोक्यातल्या कागदावर काळ्या रेघांची एक चौकट छापलेली असते. तुम्हाला स्वतःला किंवा तुमच्या घराण्यात कोणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर हे औषध घेऊ नका, असे त्या चौकटीत बजावलेले असते. ‘मेन-२’ नावाचा आनुवंशिक विकार असणाऱ्यांनाही तीच मनाई. प्रयोगशाळेतल्या उंदरांना या गटातली औषधे दिल्यावर त्यांच्या थायरॉईडमध्ये एका विशिष्ट पेशीच्या गाठी झाल्या होत्या. माणसात तसे होते का, हे अजून ठरलेले नाही. तरी २०१० मध्ये याच गटातले लिराग्लुटाइड अमेरिकेत मंजूर झाले तेव्हापासून ही चौकट चालत आली आहे.

अमेरिकेत वर्षाला थायरॉईड कॅन्सरचे सुमारे ४४ हजार नवे रुग्ण सापडतात. त्यातल्या बहुतेकांना पॅपिलरी प्रकार असतो आणि ते बरे होऊन आपापल्या आयुष्याला लागतात. मेड्युलरीचे प्रमाण शंभरात एखाद-दोन. एवढ्या थोड्या माणसांचा आजार लाखो लोकांच्या औषधावर ठळक छापला जातो, तोही घराण्याची चौकशी करत. ही चौकशी कुठून आली हे बघायचे तर क्लीव्हलँडला जावे लागते.

अमेरिकेच्या उत्तरेला पंचमहासरोवरांच्या काठचा मुलूख एके काळी गलगंडाचा पट्टा म्हणून ओळखला जाई. तिथल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो, हे डेव्हिड मरीन आणि ऑलिव्हर किंबल यांनी १९१७ पासून दाखवायला सुरुवात केली, आणि १९२४ मध्ये शेजारच्या मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ दुकानात आले. ॲक्रनपासून जवळच क्लीव्हलँड. तिथे १९२१ मध्ये ज्यांनी क्लीव्हलँड क्लिनिक उभे केले त्यांतले जॉर्ज क्राइल हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेसाठी देशभर नावाजलेले सर्जन. साहजिकच त्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात कापून काढलेल्या थायरॉईडच्या काचपट्ट्यांचा डोंगर साठत गेला. दुर्मीळ गोष्ट ओळखायला आधी नेहमीच्या गोष्टींची गर्दी पाहिलेली असावी लागते. ती गर्दी क्लीव्हलँडमध्ये होती.

१९५९ मध्ये तिथले विकृतितज्ज्ञ जॉन हॅझर्ड आणि विल्यम हॉक, आणि थोरल्या क्राइल यांचे सर्जन चिरंजीव धाकटे जॉर्ज क्राइल, अशा तिघांनी एक निबंध छापला. थायरॉईड कॅन्सरच्या सुमारे ६०० रुग्णांतून त्यांनी २१ वेगळे काढले होते. थायरॉईडची पेशी बिघडली तरी बहुधा आपली मूळ सवय सोडत नाही, लहान लहान पोकळ्यांभोवती गोल रांग धरून बसते. या २१ जणांच्या गाठीत तशा पोकळ्या नव्हत्या, नुसते घट्ट पुंजके होते. अशी गाठ दिसली की तोवरच्या रिवाजाप्रमाणे ती ‘ॲनाप्लास्टिक’ म्हणजे थायरॉईडच्या सर्वांत घातक कॅन्सरच्या खात्यात टाकली जाई, आणि घरच्यांना काही महिन्यांची मुदत सांगितली जाई. हे रुग्ण मात्र वर्षानुवर्षे जगत होते. गळ्यातल्या लसिकाग्रंथींत रोग पसरलेला असूनही जगत होते.

काचपट्टीवर आणखी एक खूण होती. पेशींच्या पुंजक्यांमध्ये अमिलॉइड नावाचे मेणचट द्रव्य साचलेले असे. काँगो रेड हा रंग दिला की ते फिकट लालसर दिसते, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले की तोच भाग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. विकृतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा हिरवा एकदा दिसला की तो विसरत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या रॉबर्ट हॉर्न यांनी १९५१ मध्येच असे सात रुग्ण वेगळे नोंदवले होते. पण रूप, खूण आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे तिन्ही एकत्र बांधून या आजाराला स्वतंत्र नाव दिले ते क्लीव्हलँडच्या तिघांनी. मला त्या निबंधात सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: काचेवर गाठ कितीही भयंकर दिसो, ज्याच्या गळ्यातून ती निघाली त्या माणसाचे पुढे काय झाले हे त्यांनी शोधून काढले.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे जॉन सिपल या तरुण डॉक्टरसमोर ३३ वर्षांच्या एका रुग्णाचे शवविच्छेदन आले. मेंदूत रक्तस्राव होऊन तो गेला होता. दोन्ही मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींत गाठी निघाल्या. फिओक्रोमोसायटोमा म्हणतात त्या याच, रक्तदाब एकाएकी भडकवणाऱ्या. थायरॉईडमध्येही कॅन्सर होता. एका देहात दोन दुर्मीळ गाठी निव्वळ योगायोगाने येतील हे सिपल यांच्या मनाला पटले नाही. त्यांनी ग्रंथालयात बसून जुने वाङ्मय चाळले, असे आणखी पाच रुग्ण शोधले आणि १९६१ मध्ये लेख लिहिला. फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णांत थायरॉईडचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९६८ मध्ये स्टायनर आणि सहकाऱ्यांनी एका संपूर्ण घराण्याचा अभ्यास छापला आणि मेड्युलरी कॅन्सर व फिओक्रोमोसायटोमा या जोडगोळीला मेन-२ हे नाव मिळाले.

या आजाराची मुळे सिपल यांना दिसली त्याहून फार खोल गेलेली होती. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे अठरा वर्षांची एक मुलगी दोन्ही अधिवृक्क ग्रंथींतल्या गाठींनी गेली होती, आणि तिची नोंद पाठ्यपुस्तकांत फिओक्रोमोसायटोमाचे पहिले वर्णन म्हणून सव्वाशे वर्षे वाचली जात होती. २००७ मध्ये संशोधकांनी तिच्या नातेवाइकांचे तेव्हा हयात असलेले वंशज गाठले, त्यांचे रक्त तपासले, आणि त्यांच्यात मेन-२ चाच जनुकीय दोष निघाला.

आता उंदरांत गाठी झाल्या ती पेशी. थायरॉईडमध्ये संप्रेरक करणाऱ्या पेशींच्या गर्दीत तुरळक विखुरलेली एक निराळी पेशी असते, तिला सी पेशी म्हणतात. कुत्र्याच्या थायरॉईडमध्ये ती एकोणिसाव्या शतकातच पाहिली गेली होती. पाहणाऱ्यांतले एक कार्ल ह्युर्थले, साल १८९४. पुढे न्यूयॉर्कचे जेम्स युइंग यांनी गफलतीने भलत्याच पेशींच्या गाठींना ह्युर्थले यांचे नाव जोडले. ‘ह्युर्थले सेल कॅन्सर’ हा दुसराच दुर्मीळ आजार त्या चुकीच्या नावाने शतकभर ओळखला गेला आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातून ते नाव गेले.

सी पेशी करतात काय, हे १९६० च्या दशकात उलगडले. व्हँकूव्हरच्या हॅरल्ड कॉप यांनी रक्तातले कॅल्शियम उतरवणारे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक शोधले. ते थायरॉईडमधून येते हे बोस्टनमध्ये पॉल मन्सन यांच्या गटाने उंदरांत दाखवले, आणि मेड्युलरी कॅन्सर सी पेशींचाच, ही मांडणी ब्रिटनच्या डिलविन विल्यम्स यांनी केली. मग सगळे जुळले. गाठ सी पेशींची असेल तर ती कॅल्सिटोनिन रक्तात ओतणार. काचेवरचे ते मेणचट द्रव्यही कॅल्सिटोनिनचेच साचलेले रूप होते. हार्वर्डच्या आर्मन ताशजियन यांच्या गटाने १९७० मध्ये रक्तातले कॅल्सिटोनिन मोजण्याची खात्रीची पद्धत दिली. हाताला गाठ लागण्याआधी रक्तातून कळणारा कॅन्सर त्या काळी विरळाच.

पण कोणाचे रक्त तपासायचे? कोट्यवधींच्या लोकसंख्येत हजार रुग्ण शोधणार कुठे? इथे घराणी पुढे आली. मॅसॅच्युसेट्समधले एक मोठे कुटुंब वैद्यकीय वाङ्मयात ‘जे घराणे’ म्हणून ओळखले जाते. बोस्टनच्या टफ्ट्स न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये मेल्विन, मिलर आणि ताशजियन यांनी या घराण्यातल्या माणसांची तपासणी सुरू केली आणि १९७१ मध्ये पहिला निष्कर्ष छापला: वरून ठणठणीत दिसणाऱ्यांतही कॅल्सिटोनिन वाढलेले सापडते, आणि त्यांच्या थायरॉईडमध्ये खरोखरच लहान कॅन्सर निघतो.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापण्याची जुनी हौस आहे. मूळ गाव, गोत्र, कोण कोणत्या संस्थानात नोकरीला गेला, कोणाला किती मुले, सगळे त्यात मिळते. माणूस कशाने गेला हे क्वचितच मिळते. बोस्टनमध्ये भिंतीवर लागलेला तक्ता नेमका उलटा होता. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळे भरलेले, गेला असेल तर तिरकी रेघ. एका काळ्या वर्तुळातून निघालेल्या रेघांच्या टोकांशी सरासरीने निम्मी चिन्हे काळी होत गेलेली दिसत. दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के, हे त्या तक्त्यावरून नुसत्या डोळ्यांनी वाचता येई.

घराण्यातली मुले मग दर वर्षी तपासणीला येऊ लागली. नुसते कॅल्सिटोनिन मोजून भागत नसे, सी पेशींना डिवचावे लागे. त्यासाठी पेंटागॅस्ट्रिनचे इंजेक्शन शिरेतून देत आणि काही मिनिटांत पुन्हा पुन्हा रक्त घेत. इंजेक्शन गेले की क्षणात छाती आवळल्यासारखी होई, चेहरा तापे, मळमळे. मिनिट-दोन मिनिटांत ओसरे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक असूनही पुढच्या वर्षी परत यायचे असे. रॉबर्ट गॅगेल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा अठरा वर्षांच्या तपासणीचा हिशेब मांडला. त्या लेखाच्या लेखकांत घराण्यातल्या कोणाचेही नाव नाही, आणि ते बरोबरच आहे, त्यांची ओळख जपायलाच हवी. तरी या आजाराबद्दल आज जे काही ठामपणे सांगता येते त्यातला फार मोठा भाग त्या मुलांच्या दंडातून निघालेला आहे.

दोष नेमका कशात, हे शोधणाऱ्यांच्या हाती उत्तर आधीच येऊन पडले होते, पण ते कोणाला माहीत नव्हते. १९८५ मध्ये बोस्टनच्या डाना-फार्बरमध्ये मासाहिदे ताकाहाशी आणि जेफ्री कूपर लिम्फोमाच्या डीएनएवर काम करत असताना त्यांना ‘रेट’ हे नवे जनुक सापडले. थायरॉईडशी त्या प्रयोगाचा काही संबंध नव्हता. १९८७ मध्ये मेन-२ चा दोष दहाव्या गुणसूत्रावर आहे एवढे कळले, आणि १९९३ मध्ये केंब्रिजच्या ब्रूस पाँडर यांच्या गटाने व सेंट लुइसमध्ये हेलन डॉनिस-केलर यांच्या गटाने जवळजवळ एकाच वेळी दाखवले की दोषी जनुक म्हणजे तेच रेट. हे शोध ज्या रक्तनमुन्यांवर लागले ते वर्षानुवर्षे तपासणीला येणाऱ्या अशा घराण्यांचेच.

त्यानंतरचे पाऊल सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या सॅम्युएल वेल्स या सर्जननी उचलले. १९९४ च्या त्यांच्या निबंधात सात घराण्यांतली माणसे आहेत. तोवर आजार न दिसलेल्यांपैकी २१ जणांत रेटचा दोष निघाला, १३ जणांनी शस्त्रक्रियेला होकार दिला. त्यातल्या सहा जणांचे कॅल्सिटोनिन अगदी सामान्य होते. काढलेल्या प्रत्येक थायरॉईडमध्ये सी पेशींची वाढ किंवा कॅन्सरची सुरुवात होती आणि रोग ग्रंथीबाहेर कुठेच गेलेला नव्हता. याच्या उलटही उजेडात आले. आधीच्या काळात केवळ कॅल्सिटोनिन वाढले म्हणून ज्यांची ग्रंथी काढली होती, त्यांतल्या काहींत जनुकाचा दोष नव्हताच. पेंटागॅस्ट्रिनची वार्षिक फेरी संपली. ज्याच्यात दोष नाही, तो आणि त्याची पुढची पिढी मोकळी.

आईबापांना काय विचारले जाते ते जरा नीट पाहू. पाच वर्षांचे खेळते-बागडते मूल, त्याला काही होत नाही, आणि डॉक्टर म्हणतात की याची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढायची. ग्रंथीला खेटून आवाजाची नस जाते, मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या दुखावल्या तर आयुष्यभर कॅल्शियम सांभाळत बसावे लागते, आणि सकाळी अनशापोटी थायरॉक्सिनची गोळी तर जन्माची. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत, वेल्स यांच्याच अध्यक्षतेखाली, दोष जनुकात कुठे आहे त्यावरून वय ठरवून दिले आहे. ६३४ व्या जागी असेल तर पाचव्या वर्षी किंवा त्याआधी, ९१८ व्या जागी असेल तर पहिल्या वाढदिवसाच्या आत. हा ९१८ चा दोष असलेल्यांचे ओठ आणि जीभ गाठाळ होतात, अंगकाठी उंच किडकिडीत राहते. अब्राहम लिंकन यांना हाच विकार असावा असा तर्क एका अमेरिकन डॉक्टरांनी पुस्तकभर मांडला आहे. मला तो पटत नाही; उपचाराविना इतका आक्रमक कॅन्सर बाळगून छपन्न वर्षे धडधाकट जगणे अवघड आहे.

या लहानपणीच्या शस्त्रक्रियेचे फळ २००५ मध्ये मोजले गेले. वॉशिंग्टन विद्यापीठातच, एकोणीस किंवा त्याहून कमी वयात शस्त्रक्रिया झालेल्या ५० जणांना पाच किंवा अधिक वर्षांनी पुन्हा तपासले. ४४ जणांत रोगाचा मागमूस नव्हता.

आता घराण्याबाहेरचे आकडे घ्या. १९८५ ते १९९५ मधल्या त्रेपन्न हजारांहून अधिक अमेरिकन रुग्णांच्या नोंदींवरून दहा वर्षांनंतरचे सापेक्ष जगणे असे निघाले: पॅपिलरी शंभरात ९३, फॉलिक्युलर ८५, ह्युर्थले ७६, मेड्युलरी ७५, ॲनाप्लास्टिक १४. मेड्युलरीचा ७५ हा आकडा रुग्णाला सांगून काही उपयोग नाही, कारण तो निरनिराळ्या नशिबांची सरासरी आहे. सान्झियाना रोमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९७३ पासूनच्या सरकारी कॅन्सर नोंदींतले १२५२ मेड्युलरी रुग्ण अवस्थेप्रमाणे वेगळे केले. रोग ग्रंथीपुरता असेल तर दहा वर्षांनी शंभरात ९५ हून अधिक जिवंत, दूरच्या अवयवांत गेला असेल तर ४०. सगळा फरक कधी सापडला याचा.

त्याच अभ्यासातली दुसरी ओळ अस्वस्थ करणारी आहे. तीस वर्षांत देशभरातल्या रुग्णांचे निदान आधीच्या अवस्थेत होऊ लागले नाही आणि त्यांचे जगणेही फारसे वाढले नाही. कॅल्सिटोनिनची चाचणी आली, जनुक सापडले, एवढे घडूनही. कारण मेड्युलरीचे चारातले तीन रुग्ण कुठल्याच घराण्यातले नसतात. त्यांचा दोष जन्मतः आलेला नसतो, गाठीतच उपजतो. त्यांच्यासाठी कोणी तक्ता काढलेला नसतो. मानेला गाठ लागते तोवर बहुतेकदा लसिकाग्रंथींत रोग शिरलेला असतो. थायरॉईडची गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचे कॅल्सिटोनिन तपासावे, असे युरोपातले अनेक डॉक्टर सांगतात. अमेरिकन संघटनेने २०१५ मध्ये ना होकार दिला ना नकार. खर्च आणि खोट्या धास्तीचा त्यांचा मुद्दा मला समजतो. पण ४० आणि ९५ हे दोन आकडे शेजारी ठेवले की माझे झुकते माप चाचणीकडेच जाते.

पसरलेल्या रोगासाठी औषधे उशिरा आली. २०११ मध्ये व्हँडेटानिब, २०१२ मध्ये कॅबोझँटिनिब, दोन्ही रोग थोपवणारी पण अंगावर जड जाणारी. २०२० मध्ये थेट रेटवरच बेतलेले सेलपरकॅटिनिब मंजूर झाले. २०२३ च्या तुलनात्मक चाचणीत वर्षभरानंतर हे औषध घेणाऱ्या सुमारे ८७ टक्के रुग्णांत रोग वाढलेला नव्हता, जुन्या दोन औषधांवरच्या रुग्णांत सुमारे ६६ टक्के.

ज्या खात्यात एके काळी मेड्युलरीचे रुग्ण चुकून टाकले जात त्या ॲनाप्लास्टिकचेही थोडे बदलले आहे. हा उतारवयातला, आठवड्यागणिक वाढणारा, श्वासनलिकेवर दाब आणणारा कॅन्सर. त्याला ना घराणे असते ना रक्तातली खूण. गाठीत बीआरएएफ जनुकाचा ठराविक दोष असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब ही जोडी द्यायला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने मे २०१८ मध्ये मान्यता दिली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये २००० ते २०१३ या काळात निम्मे रुग्ण सुमारे आठ महिन्यांत जात. २०१७ ते २०१९ मध्ये हा काळ सोळा महिन्यांच्या आसपास गेला. तिथे रुग्ण येताच जनुकीय तपासणी धाडली जाते, कारण या आजारात पंधरा दिवस थांबणेही परवडत नाही.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाला नव्या डॉक्टरकडे गेले की घराण्याच्या आजारांचा फॉर्म भरावा लागतो. बहुतेक जण मधुमेह आणि रक्तदाब लिहून मोकळे होतात. आजोबा ‘अचानक गेले’, मोठ्या काकूंचे ‘गळ्याचे काहीतरी ऑपरेशन झाले होते’, इतकीच माहिती पोचलेली असते. विम्याची धास्तीही असते. २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला अमेरिकेत बंदी आहे, मात्र आयुर्विम्याला तो कायदा लागू नाही, हे जाणून मगच चाचणीचा निर्णय घ्यावा. तरी सांगलीला किंवा साताऱ्याला फोन करून विचारायला काही हरकत नाही, आणि विचारायचे ते नेमके विचारावे: काकूंच्या गळ्याची गाठ कसली होती, तपासणीचा कागद कोणाकडे आहे का? कोणाला एकाएकी घाम फुटून, छाती धडधडून रक्तदाब चढायचा का? ऐन तरुणपणी मुतखडे कोणाला झाले? साध्या ऑपरेशनच्या टेबलावर, भूल दिल्यावर कोणी दगावले का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण लक्षात न आलेला फिओक्रोमोसायटोमा भुलीच्या वेळी जीव घेऊ शकतो.

आणि घरात कोणाला मेड्युलरी निघालाच, तर त्याच्या मागेपुढे कोणी आजारी नसले तरी त्याची रेट चाचणी करावी, असे २०१५ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट सांगितले आहे. घराणे नाही असे वाटणाऱ्या काही जणांतही जन्मजात दोष निघतो. तसा निघाला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची आणि मुलाची चाचणी करायची, धाकट्यांचीसुद्धा.